एकास बारा : खोक्यात मावलेली शर्यतीची मोटार



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत प्लॅस्टिकची मोटार काय करतेय? प्रश्न रास्त आहे. लढाया, तह, चळवळी यांच्या रांगेत खेळण्याच्या दुकानातला एक खोका आणून ठेवायचा, तर त्याचं कारण द्यायला हवं. ते शेवटी न सांगता आत्ताच सांगतो. आमच्या हातून एकदा एक चूक झाली. मॉडेल चांगलं जमलं होतं, रंगही चांगला बसला होता, पण त्याच्यापुढे आम्ही जी चिठ्ठी लावली ती खोटी निघाली. मुद्दाम नव्हे, पण खोटी. त्या चिठ्ठीनं एका माणसाला अशा मोटारीत बसवलं, जी त्याच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांनी शर्यतीत उतरली. ती हकीकत पुढे येईल. त्या दिवसापासून आम्ही या छंदाकडे इतिहासाचं काम म्हणून बघायला लागलो, म्हणून आज तुमच्यापुढे उभे आहोत.

समोर टेबलावर जी पांढरट मोटार ठेवली आहे, ती साधारण तेहतीस सेंटिमीटर लांब आहे. नाकावर लाल गोल, मागे उघडं इंजिन, इंजिनावर नळ्यांचं जाळं. ही होंडा आरए २७३, म्हणजे १९६६ सालची फॉर्म्युला वन मोटार. खरी मोटार सुमारे चार मीटर लांब. बारानं भागा, की टेबलावरची ही लांबी मिळते.

प्रमाण म्हणजे काय

आपल्यापैकी बहुतेकांनी दिवाळीत किल्ला केला असेल. दगड-विटा, पोतं, चिखल, वर पेरलेले अळीव. मग कुंभाराकडून आणलेले मावळे. आता आठवून बघा, आपला मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा, आणि दरवाजातून महाराजांचं सिंहासन काही आत जायचं नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण तिथे भाव महत्त्वाचा, माप नव्हे. स्केल मॉडेलमध्ये हे उलट होतं. एकदा प्रमाण ठरलं की चाक, चालक, स्टिअरिंग, नट-बोल्ट, सगळ्यांनी एकाच आकड्यानं लहान व्हायचं.

हे आकडे कुठून आले? बरेचसे इंग्रजी मापांतून. एका फुटाला एक इंच धरला की एकास बारा. एका फुटाला अर्धा इंच धरला की एकास चोवीस, जे मोटारींच्या मॉडेलमध्ये फार चालतं. एकास त्रेचाळीस हे लहान मोटारींचं प्रमाण खेळण्यातल्या रेल्वेकडून आलं, तिथे एका फुटाला सात मिलिमीटर धरत. आणि काही आकडे तर निव्वळ अडचणीतून जन्मले. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये आज जगभर चालणारं एकास पस्तीस हे प्रमाण त्यातलंच, आणि ती गोष्ट आपल्याला थेट आजच्या मुख्य पात्राकडे नेते.

शिझुओकातला लाकडाचा व्यापारी

जपानमध्ये तोक्यो आणि नागोया यांच्या मधे, फुजी पर्वताच्या पलीकडच्या अंगाला शिझुओका नावाचं शहर आहे. तोकुगावा इएयासू सत्ता मुलाकडे सोपवून इथेच येऊन राहिला होता. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या काळात इथे देवळं आणि वाडे बांधायला सुतार, कोरीवकाम करणारे, लाखेचं काम करणारे असे कारागीर जमले आणि इथेच स्थायिक झाले. शहराला लाकडाच्या बारीक कामाची सवय लागली ती तेव्हापासून. आज जपानमधल्या प्लॅस्टिक मॉडेलच्या कंपन्या एवढ्या संख्येनं याच भागात का, याचं उत्तर त्या सुतारांत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, योशिओ तामिया यांनी इथे लाकडाची वखार आणि व्यापार सुरू केला. पुढच्याच वर्षी जोडीला लाकडी मॉडेलचे संच आले, जहाजांचे वगैरे. शाळकरी मुलं ती घेत. १९५१ साली वखारीला आग लागली आणि साठवलेलं लाकूड जळून गेलं. १९५३ मध्ये इमारती लाकडाचा धंदा बंद करून फक्त मॉडेलवर राहायचं असं ठरलं. जोडधंदा मुख्य धंदा झाला. आपल्याकडेही अशी घराणी आहेत, ज्यांची मूळ पेढी बुडाली आणि बाजूचं दुकान तरलं.

पण संकट टळलं नव्हतं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून प्लॅस्टिकचे संच येऊ लागले. लाकडाच्या संचात ठोकळे मिळत, ते कोरून जहाज आपण घडवायचं. प्लॅस्टिकच्या संचात जहाजाची तोफसुद्धा तयार. मुलांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको.

तोवर योशिओंचे चिरंजीव शुन्साकू धंद्यात आले होते. त्यांनी १९६० साली पहिला प्लॅस्टिक संच काढला, यामातो युद्धनौका, एकास आठशे. नेमकी तीच नौका दुसऱ्या कंपनीनंही स्वस्तात आणली, आणि तामियांचा खर्च काही भरून निघाला नाही. इथे साच्याचं गणित समजून घ्यायला हवं. प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये प्लॅस्टिक स्वस्त असतं, महाग असतो तो साचा. पोलादाच्या दोन भागांत आकृती उलटी कोरायची, त्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबानं भरायचं, निवलं की साचा उघडून काढायचं. पहिला नग बाहेर पडण्याआधीच सगळा पैसा खर्च झालेला असतो. हजारो खोके खपले तर तो सुटतो, नाही खपले तर कारखाना बुडतो. यामातोनं तामियांना जवळपास त्याच काठावर नेलं. काही काळ पुन्हा लाकडाकडे वळावं लागलं.

त्यांना सावरलं कशानं? एका खेळण्याच्या जुन्या, पडून असलेल्या साच्यानं. त्यातून त्यांनी छोट्या शर्यतीच्या मोटारी काढल्या, अगदी स्वस्त, मुलांच्या खाऊच्या पैशात बसतील अशा. त्या धडाधड खपल्या. युद्धनौकेनं बुडवलं आणि चिमुकल्या रेसिंग कारनं वर काढलं.

त्या पैशावर आणि हिमतीवर १९६१ च्या अखेरीला पँथर हा जर्मन रणगाडा आला, मोटरवर चालणारा. खोक्यावरचं चित्र शिगेरू कोमात्सुझाकी या नामांकित चित्रकारांनी काढलं होतं. आता रणगाडा केवढा करायचा? आत मोटर बसली पाहिजे, बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्या बसल्या पाहिजेत. तेवढं मावेल एवढा केला. नंतर मोजलं तर ते सुमारे एकास पस्तीस भरलं. बॅटरीच्या मापावरून ठरलेला तो आकडा आज जगाचा नियम होऊन बसला आहे. इतिहासात असं फार वेळा होतं. सोयीपुरतं केलेलं काहीतरी पुढे परंपरा म्हणून मिरवतं.

हरलेल्या मोटारीचं मॉडेल

आता होंडाकडे येऊ. १९६३ साली होंडानं आपली पहिली चारचाकी विकली आणि १९६४ साली ही कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली. मोटारसायकलवाल्यांनी हे काय आरंभलंय, असं युरोपात म्हणत होते. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या शर्यतीत रिची गिंथर या अमेरिकन चालकानं होंडाला पहिला विजय मिळवून दिला. हंगामातली ती शेवटची शर्यत होती, आणि दीड लिटर इंजिनाच्या नियमाचीही शेवटची.

१९६६ पासून इंजिनाची मर्यादा तीन लिटरवर गेली. होंडानं नवं बारा सिलिंडरचं इंजिन बांधलं आणि त्याभोवती आरए २७३. इंजिन ताकदवान होतं, पण मोटार जड. नियमानं किमान वजन ५०० किलो असताना ही ७०० किलोच्या वर भरत होती. सप्टेंबर १९६६ मध्ये इटलीत मोंझाला पहिल्यांदा ती धावली, तेव्हा गिंथरचा टायर गेला आणि मोटार रस्ता सोडून झाडांत घुसली. तो वाचला. पुढच्या वर्षी जॉन सर्टीज या मोटारीनं दक्षिण आफ्रिकेत तिसरा आला. पण आरए २७३ नं शर्यत एकही जिंकली नाही. १९६७ साली मोंझाला होंडा जिंकली ती नव्या, हलक्या आरए ३०० मुळे.

आणि तामियांनी १९६७ साली एकास बारा प्रमाणात पहिली मोटार काढली ती कोणती? हीच, न जिंकलेली.

मंडळी, आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. विजेत्यांचा इतिहास लिहिला तर आरए २७३ ला एक ओळ मिळेल, तीही वजनाची चेष्टा करणारी. पण होंडाच्या सहकार्यानं तामियांनी ती बारकाईनं मापून घेतली. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. सस्पेन्शनला खऱ्या धातूच्या स्प्रिंगा आहेत. टायर रबराचे, नळ्या मऊ व्हिनाइलच्या. त्या काळी बहुतेक संचांत इंजिन म्हणजे एक ठोकळा आणि त्यावर चार रेघा असत. इथे मात्र इंजिनाची डोकी, इंधनाच्या नळ्या, मागे निघणारे एक्झॉस्ट, सगळं सुटं होतं. जोडणाऱ्याला मोटार जोडता जोडता कळत जाई, की ही एवढी जड का झाली. आमचा एक मित्र म्हणतो, की पुस्तकात वाचलेलं वजन विसरायला होतं, पण हातानं बसवलेलं इंजिन विसरता येत नाही.

शुन्साकू तामियांच्या हट्टाची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे, त्यांनी स्वतःच सांगितलेली. पोर्शे ९३४ चं एकास बारा मॉडेल करायचं होतं. ते १९७६ साली आलं. फोटो आणि मापं घेऊन समाधान होईना, तेव्हा त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी केली. सुटी करणं सोपं गेलं. पुन्हा जोडायला मात्र पोर्शेच्या कारागिरांची मदत घ्यावी लागली. आपल्याकडे घड्याळ उघडून बसणारी मुलं असतात, त्यांच्या आयांना ही गोष्ट जरूर सांगा.

साचा जिथे संपतो

तर खोका घरी आला. तो उघडल्यावर काय दिसतं? चौकटीत अडकलेले शेकडो भाग. या चौकटीला मॉडेलवाले स्प्रू म्हणतात. प्रत्येक भाग कटरनं तोडायचा, बुंधा पॉलिश पेपरनं घासायचा, जोडायचा, रंगवायचा, स्टिकर लावायचं. पत्रकाप्रमाणे केलं तरी छान मॉडेल होतं. मग डिटेलिंग, म्हणजे वरचं बारीक काम, कशासाठी?

कारण साच्याला काही गोष्टी जमत नाहीत. एक साधा हिशेब बघू. त्या काळच्या रेसिंग कारचा देह ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा असे. समजा पत्रा दीड मिलिमीटर जाड. बारानं भागलं तर मॉडेलमध्ये तो एक अष्टमांश मिलिमीटर हवा, म्हणजे साधारण जाड कागदाएवढा. प्लॅस्टिक एवढं पातळ ओतता येत नाही. समजा ते एक मिलिमीटर ठेवलं, तर खऱ्या मोटारीच्या मापात हा पत्रा बारा मिलिमीटर जाड झाला. ती मोटार राहिली नाही, चिलखती गाडी झाली. म्हणून अनुभवी माणूस पहिलं काम करतो ते कडा आतून खरवडून पातळ करण्याचं. पूर्ण पत्रा पातळ करायची गरज नसते. डोळा फक्त कड बघतो.

दुसरं, तारा. स्पार्क प्लगची वायर सात मिलिमीटरची धरली तर एकास बारामध्ये ती ०.५८ मिलिमीटर होते, एकास वीसमध्ये ०.३५. साच्यात अशी तार निघाली तरी पहिल्याच धक्क्याला मोडेल. म्हणून बऱ्याच संचांत ती नसतेच. आम्ही वाइंडिंगची तांब्याची तार किंवा शिलाईचा लवचीक धागा वापरतो. बारा सिलिंडर म्हणजे बारा तारा, बारा भोकं, हातात धरून फिरवायची पिन-ड्रिल. एक रविवार त्यातच जातो.

तिसरं, साच्याच्या खुणा. दोन भाग मिळतात तिथे रेघ उमटते. भाग जिथे जाड असतो तिथे निवताना खड्डा पडतो. साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे राहतात. रेघ घासायची, खड्ड्यात लांबी भरायची, वाळली की ओल्या पॉलिश पेपरनं सपाट करायची. सुतार आणि गॅरेजवाले जे करतात तेच, फक्त छोट्या मापात.

चौथं, कोरीव धातू. ब्रेकच्या चकत्या, पट्ट्यांची बकलं, रेडिएटरची जाळी हे पितळेच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यात आम्लानं कोरून मिळतं. ही कला तुमच्यातल्या ज्येष्ठांना ओळखीची आहे. छापखान्यात फोटोचा जस्ताचा ब्लॉक बनवत, तो असाच. पत्र्यावर प्रकाशानं आकृती उमटवायची, उरलेला भाग आम्लाला खाऊ द्यायचा. छापखान्यातून ब्लॉक गेले, पण ती क्रिया आमच्या छंदात जिवंत आहे.

आणि पाचवं, चकाकी. इथे आम्ही सुरुवातीला सगळेच फसतो. रंग देऊन, लॅकर मारून, घासून मोटार आरशासारखी करतो. एका प्रदर्शनात आमच्या होंडासमोर एक आजोबा बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, “छान आहे हो, पण ही कधी धावलेली दिसत नाही.” ते खरं होतं. शर्यतीची मोटार शर्यत संपताना तेलानं, रबराच्या भुकटीनं, माशा-चिलटांनी माखलेली असते. एक्झॉस्ट तापून निळसर-तपकिरी झालेले असतात. आता आम्ही आधी ठरवतो, की मोटार शर्यतीच्या आधीची दाखवायची की नंतरची.

रंग म्हणजे तारीख

इथे आमच्या चुकीची हकीकत सांगायची वेळ आली.

लोटस ४९ ही मोटारींच्या इतिहासातली एक मानाची मोटार. ४ जून १९६७ ला हॉलंडमध्ये झँडव्हूर्टला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि पहिल्याच दिवशी जिम क्लार्कनं ती जिंकून दाखवली. तेव्हा ती हिरवी होती, मधे पिवळा पट्टा. कारण तोवर मोटारी देशांचे रंग लेवून धावत. इंग्लंडचा हिरवा, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, जपानचा पांढरा आणि लाल गोल. आपली ही होंडा म्हणूनच अशी दिसते. १ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेत क्लार्कनं त्याच हिरव्या मोटारीत आपली पंचविसावी ग्रां प्री जिंकली. ती त्याची शेवटची ठरली.

त्याच महिन्यात लोटसनं रंग बदलला. एका सिगारेट कंपनीशी करार झाला आणि हिरव्याच्या जागी लाल, पांढरा, सोनेरी आला. ७ एप्रिल १९६८ ला जर्मनीत हॉकनहाइमला, फॉर्म्युला टूच्या एका शर्यतीत, क्लार्कची मोटार झाडांवर आदळली आणि तो गेला. बत्तीस वर्षांचा होता. लोटसच्या संघाचं जणू काळीजच गेलं. तरी महिन्याभरानं स्पेनमध्ये त्याचा सहकारी ग्रॅहम हिल उतरला आणि जिंकला. पुढची शर्यत २६ मे ला मोनाकोला. तिथे लोटसनं मोटारीची सुधारलेली आवृत्ती आणली, नाकाच्या दोन्ही बाजूंना छोटे पंख, मागचा भाग वर उचललेला. हिल तिथेही जिंकला.

आम्ही बांधली होती ती ही मोनाकोच्या घडणीची, लाल-सोनेरी, पंखवाली. आणि पुढे चिठ्ठी लावली, “लोटस ४९, जिम क्लार्क, १९६७”. कारण काय, तर आमच्या मनात लोटस म्हणजे क्लार्क.

प्रदर्शनात एक गृहस्थ आले. वाकून चिठ्ठी वाचली, पंखांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “सदुसष्टला ही हिरवी होती. आणि हे पंख आले तेव्हा क्लार्कला जाऊन सात आठवडे झाले होते.” ते आमच्यावर हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी लहानपणी त्या बातम्या वाचल्या होत्या, क्लार्क त्यांचा हिरो होता. आमच्यासाठी ती चिठ्ठीवरची चूक होती. त्यांच्यासाठी आम्ही एका मेलेल्या माणसाला त्याच्या न पाहिलेल्या मोटारीत बसवलं होतं.

घरी येऊन आम्ही शोधाला लागलो. तेव्हा गोष्टीला आणखी एक पदर निघाला. लाल-सोनेरी लोटस ४९ क्लार्कनं कधीच चालवली नाही, असं आम्ही आता उलट टोकाला जाऊन म्हणू लागलो होतो. तेही चूक. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात होणाऱ्या टास्मान मालिकेत, जानेवारी १९६८ मध्ये विग्रमच्या शर्यतीपासून त्यानं ती त्याच नव्या रंगात चालवली, लहान अडीच लिटर इंजिन लावलेली, आणि मालिकाही जिंकली. म्हणजे रंग बरोबर असू शकतो, साल चूक. साल बरोबर असू शकतं, पंख चूक. मॉडेलमधला प्रत्येक भाग म्हणजे एक विधान आहे आणि प्रत्येक विधानाला तारीख असते. पुरावा तपासणं म्हणजे काय, हे आम्ही कागदपत्रांतून शिकलो नाही, त्या दोन इवल्याशा पंखांनी शिकवलं.

असंच एक गोड उदाहरण टिरेल पी ३४ चं. सहा चाकांची मोटार, पुढे चार लहान, मागे दोन मोठी. १९७६ च्या जूनमध्ये स्वीडनमध्ये जोडी शेक्टर आणि पॅट्रिक डेपाये यांनी तिच्यात पहिला-दुसरा क्रमांक घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती जपानला फुजीच्या शर्यतीला गेली, तेव्हा यजमानांच्या मानासाठी चालकांची नावं जपानी अक्षरांत रंगवली होती. जपानी नाव लावून स्वीडनची चिठ्ठी ठेवलीत, तर जाणकार लगेच ओळखेल. सहा चाकांची मोटार पुढे टिकली नाही. लहान टायर कोणी सुधारून देईना, म्हणून १९७७ नंतर ती गेली. तामियांनी मात्र ती एकास बारा आणि एकास वीस अशा दोन्ही मापांत करून ठेवली.

पुसलेली नावं

आता एक अवघड भाग. १९६८ नंतर सुमारे चार दशकं या मोटारी सिगारेटच्या रंगांत धावल्या. युरोपात तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या, तशा त्या मोटारींवरूनही गेल्या, आणि मॉडेलच्या खोक्यांतूनही. आज अशा काळातल्या मोटारीचा संच घेतला, तर पुष्कळदा मधली अक्षरं नसतात, नुसता लाल-पांढरा रंग. लहान मुलांच्या हातात सिगारेटचं नाव देऊ नये, हे आम्हालाही पटतं. आमच्यातल्या एकाचे वडील सिगारेटनं गेले.

पण इतिहासाच्या बाजूनं बघा. ती अक्षरं काढली की मोटार निरागस दिसायला लागते. शर्यतींचा हा सगळा झगमगाट कोणाच्या पैशावर उभा होता, ते दिसेनासं होतं. काही जण ती अक्षरं वेगळी विकत घेऊन लावतात. आमच्यात यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही. तूर्त एवढं ठरलंय, की अक्षरं लावली तर चिठ्ठीवर कंपनीच्या पैशाचा उल्लेख करायचा, आणि नाही लावली तर “नाव वगळले आहे” असं लिहायचं. गप्प बसायचं नाही.

तसंच मृत्यूचं. होंडानं १९६८ साली आरए ३०२ ही मॅग्नेशियमचा देह असलेली मोटार आणली. सर्टीजनं ती तयार नाही म्हणून चालवायला नकार दिला. फ्रान्समध्ये रूआँला जो श्लेसर ती घेऊन उतरला आणि आग लागून गेला. त्या वर्षाअखेर होंडा फॉर्म्युला वन सोडून गेली. अशी मोटार टेबलावर ठेवायची की नाही? आम्ही म्हणतो, ठेवावी. पण तिच्यासमोर वाक्य लिहिताना नुसतं “दुर्मीळ मोटार” लिहू नये.

शेवटी थोडं व्यवहाराचं

ज्यांना हात घालून बघायचाय त्यांच्यासाठी. पहिलं मॉडेल एकास बारा घेऊ नका. भाग खूप, खर्च खूप, आणि अर्धवट राहिलेला खोका वर्षानुवर्षं माळ्यावरून आपल्याकडे बघतो. एकास चोवीस किंवा वीसपासून सुरू करा. दुसरं, कटर उचलण्याआधी कागद-पेन उचला. कुठली शर्यत, कुठला दिवस, कुठला चालक, एवढं लिहा. मग त्या दिवसाचे फोटो शोधा. एक फोटो पुरत नाही, मोटारीला दोन बाजू असतात, आणि बहुतेक छायाचित्रकार एकाच बाजूला उभे असतात. तिसरं, चिठ्ठी आधी लिहा, मोटार नंतर बांधा. आम्ही उलट केलं होतं.

इथे एक प्रश्न आलाय, की एवढी मेहनत करून शेवटी ती प्लॅस्टिकचीच ना? हो, प्लॅस्टिकचीच. पण बघा, १९९१ साली लोटसचा संघ पैशाच्या अडचणीत होता, तेव्हा त्यांच्या मोटारीवर एक नाव झळकलं, तामिया. खोक्यातल्या मोटारी विकून मिळालेला पैसा खऱ्या मोटारीच्या अंगावर लागला. ती मिका हक्किनेन आणि जॉनी हर्बर्टनं चालवली, आणि मग त्या मोटारीचंही मॉडेल तामियांनी काढलं. नक्कल आणि अस्सल यांची रेघ आपण समजतो तेवढी सरळ नाही.

आमची ती लोटस अजून आहे. आज मुद्दाम आणली आहे, होंडाच्या शेजारी ठेवली आहे. चिठ्ठी बदलली आहे. आता तिच्यावर लिहिलंय, “लोटस ४९ बी, ग्रॅहम हिल, मोनाको, २६ मे १९६८”. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, “क्लार्कच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांनी”. जाताना जवळ येऊन बघा. हात लावला तरी चालेल, फक्त पंखांना नको.